टिपऱ्यांच्या घराला कुलूप का लावलंत?

मराठी मनोरंजन वाहिन्यांचे कार्यक्रमप्रमुख आणि मालिकालेखक यांस,



हे पत्र मी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या ट्रॉय या गावातून लिहिते आहे. डेट्रॉईटच्या उत्तरेला, मोटारींच्या आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्यांच्या जिवावर उभं राहिलेलं हे शहर. पुणे-पिंपरीकडून आलेले अभियंते इथे इतके आहेत, की बिग बीव्हर रोडवरच्या हॉटेलात शेजारच्या टेबलावर मराठी ऐकू आली तरी कुणी मान वळवून बघत नाही. तुमची संध्याकाळी साडेसातची मालिका उन्हाळ्यात आमच्याकडे सकाळी दहाला येऊन पडते. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील ती लगेच बघतात, आम्ही कामावरून आल्यावर बघतो.

तुमच्या टीआरपीत आमचं घर नाही. टीआरपी ठरवणाऱ्या बार्क या संस्थेची मोजणी भारतातल्या घरांची असते. आम्ही चिडून मालिका सोडली तरी तुमचा आकडा घसरत नाही आणि खूश झालो तरी चढत नाही. त्यामुळे मला मोकळेपणाने लिहिता येतं.

शिवाय अनोळखी माणसांना पत्र लिहिणं या गावाच्या परंपरेत बसतं. १९७१ साली इथल्या ग्रंथालयाच्या मार्गरीट हार्ट यांनी देशोदेशीच्या नामवंतांना लिहिलं, की आमच्या मुलांना ग्रंथालयाबद्दल चार ओळी लिहून पाठवा. ९७ उत्तरं आली. त्यांत चंद्रावरून परतलेले नील आर्मस्ट्राँग होते, विज्ञानकथाकार आयझॅक असिमॉव्ह होते आणि लेखक ई. बी. व्हाइटही होते. मला तुमच्याकडून पत्राचं उत्तर नको, मालिका हवी आहे.

तक्रार सांगते. तुम्ही हसण्याची आणि संसाराची वाटणी करून टाकली आहे. संध्याकाळी सातपासून जी घरं दिसतात, त्यांत कट आहेत, कोर्ट आहे, गेलेली स्मृती आहे, मेलेली आणि परत आलेली माणसं आहेत. त्या घरांत कुणाला हसू येत नाही. आलंच तर ते खलनायिकेला येतं, आणि तेही कॅमेऱ्याकडे बघून. हसायचं असेल तर स्किटच्या कार्यक्रमाची वेळ गाठायची. तिथे हसू भरपूर आहे, पण घर नाही. दहा-बारा मिनिटांत पात्रं येतात, टाळ्या घेतात आणि जातात. ज्यांच्या घरात आपण वर्षभर जातो-येतो, ज्यांच्यावर हसतो आणि ज्यांच्या काळजीने हळहळतोही, अशी माणसं मराठी टीव्हीवर आज शोधावी लागतात.

ती पूर्वी होती. मुंबई दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळात चिं. वि. जोशींच्या कथांवरून चिमणराव आणि गुंड्याभाऊ घराघरांत आले. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ ज्यांनी पाहिला, त्यांना दुसरे चेहरे डोळ्यांसमोर आणताच येत नाहीत. पुढे २००१ साली तेव्हाच्या अल्फा मराठीवर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' सुरू झाली. प्रभावळकरांचंच 'अनुदिनी' हे पुस्तक, दिग्दर्शन केदार शिंदे यांचं. आबा टिपरे, मुलगा शेखर, सून श्यामला, नातवंडं शिऱ्या आणि शलाका. एवढीच माणसं, एक मध्यमवर्गीय घर, आठवड्याला एक भाग.

त्या घरात काय नव्हतं ते आठवून बघा. खलनायक नव्हता. सून सासऱ्याच्या दुधात काही कालवत नव्हती. कुणाच्या नावावर शंभर कोटींची मालमत्ता नव्हती. अडचणी होत्या, पण त्या तुमच्या-आमच्या घरात मावतील एवढ्या: पैशांची ओढाताण, मुलांचे हट्ट, म्हाताऱ्या माणसाला आपण अडगळ झालो की काय अशी वाटणारी भीती. ही शेवटची गोष्ट विनोदी नाही, आणि तिथेच मालिकेची ताकद होती. आबा मिश्कील होते आणि एकटेही होते. प्रभावळकर एकाच प्रसंगात दोन्ही दाखवत. शुभांगी गोखल्यांची श्यामला चिडायची तेव्हा आपल्याला हसू यायचं, पण तिची बाजू चुकीची आहे असं कधी वाटत नसे. लेखकाला माणसांचा राग येत नव्हता, म्हणून त्यांच्यावर हसताना आपल्यालाही अपराधी वाटत नव्हतं.

तुम्ही म्हणाल, ती जुनी गोष्ट झाली. मग त्यानंतरची घ्या. २०१२ साली झी मराठीवर 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' आली. सतीश राजवाडे यांचं दिग्दर्शन, स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे. अमेरिकेला जायचं डोक्यात घेतलेला घना आणि त्याचं राधाबरोबर करारावरचं खोटं लग्न. आम्ही इकडे येऊन राहिलेली माणसं ती मालिका वेगळ्याच नजरेने बघत होतो. अमेरिकेच्या ओढीची एवढी हसरी आणि तरी प्रामाणिक चेष्टा मी दुसरीकडे पाहिली नाही. ती वर्षाच्या आत संपली. २०१५ साली 'दिल दोस्ती दुनियादारी' आली. मुंबईत एका फ्लॅटमध्ये एकत्र राहणारी सहा तरुण मुलं, आणि त्या फ्लॅटला त्यांनी दिलेलं नाव 'माजघर'. नातं रक्ताचं नसलं तरी घर होऊ शकतं, हे त्या मालिकेने उपदेश न करता दाखवलं. श्यामला टिपरे झालेल्या शुभांगी गोखल्यांची मुलगी सखी त्यात रेश्मा झाली होती. तीही मालिका वर्षभरात आवरली. त्या संपल्या म्हणून कुणी वाहिनीला शिव्या दिल्या नाहीत. उलट आजही दोन्हींची नावं काढली की चाळिशीच्या आसपासच्या माणसांचे चेहरे उजळतात.

आता ज्या वेळेत संपल्या नाहीत, त्यांच्याकडे बघू. 'माझ्या नवऱ्याची बायको' २०१६ साली सुरू झाली तेव्हा तिचा सूर खट्याळ होता. अनिता दातेंची राधिका नागपुरी बोलत होती, सोसायटीतली माणसं मजेदार होती, आणि नवऱ्याचं प्रकरण कळलेली बाई रडत न बसता डोकं चालवते हे बघायला छान वाटत होतं. ही गोष्ट एका वर्षात पुरी झाली असती. ती २०२१ पर्यंत चालली. तेवढ्या काळात मसाले विकणारी राधिका मोठी उद्योजिका झाली, तिचा नवरा गुरुनाथ पुन्हा पुन्हा तीच चूक करत राहिला, आणि आम्ही मालिकेतल्या प्रसंगांवर हसायचं सोडून मालिकेवर हसू लागलो. समाजमाध्यमांवर तिची जेवढी थट्टा झाली, तेवढी फार थोड्या मराठी मालिकांच्या वाट्याला आली असेल. 'अग्गंबाई सासूबाई'ची कल्पना तर त्याहून धीट होती: सून आपल्या विधवा सासूचं लग्न लावून देते. निवेदिता सराफ, गिरीश ओक, तेजश्री प्रधान आणि आजेसासऱ्यांच्या भूमिकेत रवी पटवर्धन. पन्नाशी ओलांडलेली बाई प्रेमात पडते, हे मराठी प्रेक्षकाने घरातल्या थोरामोठ्यांच्या शेजारी बसून पाहिलं आणि स्वीकारलं. लग्न झालं तिथे थांबता आलं असतं. तुम्ही थांबला नाहीत. मग सासूच्या लाडावलेल्या मुलाच्या उचापतींवर गाडी रेटली, आणि शेवटी काही पात्रं नव्या कलाकारांना देऊन 'अग्गंबाई सूनबाई' काढली.

मूळ दोष लेखकांचा नाही, हे मला कळतं. रोजची मालिका म्हणजे रोज बावीसएक मिनिटांचा मजकूर. बंगला भाड्याने घेतलेला, सेट उभा, कलाकारांच्या तारखा बांधलेल्या. आकडे चांगले असतील तर थांबवणं मूर्खपणा आणि वाईट असतील तर आठवड्याभरात कुणाचा तरी अपघात घडवायचा. अशा कारखान्यात विनोद टिकत नाही, कारण विनोदाला नेमकेपणा लागतो. रडणं ताणता येतं: एकच धक्का सहा चेहऱ्यांवर तीन-तीन वेळा दाखवता येतो. विनोद दुसऱ्यांदा दाखवला की गेलाच. म्हणून रोजच्या मालिकेतून सगळ्यात आधी विनोद हद्दपार होतो.

तो जातो स्किटच्या कार्यक्रमांत. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' सोनी मराठीवर २०१८ पासून चालू आहे आणि तिचे चाहते ट्रॉयमध्येही आहेत. समीर चौघुलेंचं अंग आणि आवाज दोन्हींवरचं नियंत्रण, नम्रता संभेरावची क्षणात बदलणारी मुद्रा, वनिता खरातचा बेधडकपणा, प्रसाद खांडेकरचं लेखन हे सगळं मला आवडतं. सचिन मोटे आणि सचिन गोस्वामी यांनी नाटकवाल्या मुलांना घरोघर पोहोचवलं, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण या प्रकारच्या कार्यक्रमांची एक सवय मला खुपते. जाडेपणा, काळा रंग, साडी नेसलेला पुरुष, तोतरं बोलणं यांवर हशा फार स्वस्तात मिळतो, आणि वेळ कमी पडला की सगळेच त्या दुकानात जातात. त्या हशाला मागचा-पुढचा संदर्भ नसतो. आबा टिपऱ्यांचा विसरभोळेपणा आणि स्किटमधल्या म्हाताऱ्याचा विसरभोळेपणा यांत हाच फरक आहे. आबांची आपण पुढच्या आठवड्यातही वाट बघत असतो, म्हणून त्यांच्या विसरण्यात हसूही असतं आणि धास्तीही.

मराठी प्रेक्षकाला दोन्ही एकत्र पचत नाही, असं म्हणू नका. 'चला हवा येऊ द्या' या विनोदी कार्यक्रमातल्या थुकरटवाडीत सागर कारंडे पोस्टमन होऊन अरविंद जगताप यांनी लिहिलेली पत्रं वाचायचा. आधीची वीस मिनिटं भाऊ कदम आणि कुशल बद्रिके यांनी धुमाकूळ घातलेला असायचा. मग हा माणूस पिशवीतून पत्र काढायचा आणि समोर बसलेले पाहुणे डोळे पुसायचे. लोकांनी ती पत्रं जपून ठेवली, एकमेकांना पाठवली. एवढा मोठा पुरावा तुमच्याच पडद्यावर असताना त्यावरून एक मालिका कुणाला सुचू नये, याचं मला नवल वाटतं.

तुम्ही देत नाही म्हणून आम्ही दुसरीकडे जातो. आमच्या ओळखीतल्या बहुतेक मराठी घरांत २०२० पासून 'पंचायत' ही हिंदी वेब मालिका बघितली जाते. शहरातली नोकरी न मिळालेला अभिषेक त्रिपाठी फुलेरा गावात सचिव होऊन येतो, तिथे कागदावर प्रधान असलेली बाई आणि प्रत्यक्षात कारभार करणारा तिचा नवरा. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी प्रल्हादचाचांचा सैनिक मुलगा शहीद होतो. तोपर्यंत हसवत आणलेल्या प्रेक्षकाला लेखकाने असं गाठलं, की आमच्या दिवाणखान्यात बराच वेळ कुणी उठलं नाही. आधीच्या भागांत प्रल्हाद नुसता गमत्या माणूस म्हणून ओळखीचा झाला होता, म्हणून हे साधलं. 'गुल्लक' तर त्याहून छोटी. एका पर्वात पाच भाग, एक मिश्रा कुटुंब आणि गोष्ट सांगणारा मातीचा गल्ला. त्यातली आई, शांती मिश्रा, कोण आहे? गीतांजली कुलकर्णी. आपल्या रंगभूमीची अभिनेत्री, जिला शोभेल असं घर तिला हिंदीत मिळालं. हे वाक्य वाचून तुम्हाला थोडं टोचावं, अशी माझी इच्छा आहे.

मराठीत कुणी प्रयत्नच केला नाही असंही नाही. वरुण नार्वेकर यांच्या 'आणि काय हवं'मध्ये प्रिया बापट आणि उमेश कामत यांनी नव्या संसारातल्या बारीक गोष्टींतून तीन पर्वं उभी केली. त्यात काहीच घडत नाही आणि तरी पुढचा भाग लावावासा वाटतो. पण ती एमएक्स प्लेअरवर आली, वाहिनीवर नाही. रात्री साडेआठला घरातले सगळे एकत्र बसतात ती जागा अजून तुमच्या ताब्यात आहे.

इकडे अमेरिकेतही हसू आणि दुःख एकत्र आणणाऱ्या या प्रकाराचं सगळं सुरळीत आहे असं नाही. 'द बेअर' ही शिकागोतल्या सँडविचच्या दुकानाची गोष्ट गेली काही वर्षं गाजते आहे. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये तिला विनोदी गटात ११ एमी पुरस्कार मिळाले, पण सर्वोत्तम विनोदी मालिकेचा मान 'हॅक्स'ने नेला. सोहळ्याचे सूत्रधार यूजीन आणि डॅन लेव्ही या बापलेकांनी त्याच मंचावर 'द बेअर'ला चिमटा काढला, की ती खरंच विनोदी आहे का यावर आम्ही विनोद करणार नाही, कारण विनोद न करणं हेच त्या मालिकेच्या शैलीला धरून आहे. मला त्यांचं पटतं. मालिका उत्तम आहे, पण ती बघताना माझा जीव घशाशी येतो. अर्ध्या तासाचा भाग आहे म्हणून काही तो विनोदी होत नाही. तिचे चाहते मात्र असं बोललेलं खपवून घेत नाहीत. तुम्हाला कला कळत नाही, असं दोन वाक्यांत सांगून मोकळे होतात.

चाहत्यांचा विषय निघालाच आहे, तर त्यांच्याशीही थोडं बोलते, कारण वाहिन्यांवर दबाव आणायची ताकद माझ्यात नाही, त्यांच्यात आहे. हास्यजत्रेच्या चाहत्यांनो, एखादा कलाकार कार्यक्रम सोडून गेला तर तो गद्दार होत नाही. नटाला वेगळं काही करावंसं वाटणं ही आनंदाची बातमी आहे. रोजच्या मालिकांच्या चाहत्यांनो, खलनायिकेचं काम करणाऱ्या मुलीला शिव्या लिहून पाठवणं थांबवा. ती तिचं काम चोख करते आहे. आणि 'आमच्या वेळची टिपरे' म्हणून उसासे टाकणाऱ्यांनो, म्हणजे माझ्यासारख्यांनो, नुसत्या उसाशांनी मालिका निर्माण होत नाहीत.

चाहते काय करू शकतात ते आमच्या मिशिगनच्या एका मालिकेने दाखवलं आहे. १९९९ साली एनबीसीवर 'फ्रीक्स अँड गीक्स' आली. डेट्रॉईटजवळच्या एका काल्पनिक उपनगरातली १९८० च्या सुमाराची शाळा, वर्गात कुठेच न बसणारी मुलं. लेखक पॉल फीग स्वतः याच भागात वाढलेले. मालिका हसवायची आणि मग एकदम किशोरवयाच्या लाजेवर बोट ठेवायची. आकडे कमी पडले म्हणून १८ पैकी १२ भागांनंतर वाहिनीने ती बंद केली. चाहत्यांनी पाठपुरावा केला तेव्हा उन्हाळ्यात आणखी तीन भाग दाखवले गेले, उरलेले दुसऱ्या वाहिनीवर आले. पुढे डीव्हीडीही चाहत्यांच्या मागणीमुळेच निघाली. आज ती अमेरिकन टीव्हीवरच्या उत्तम मालिकांच्या यादीत असते. त्या चाहत्यांनी कुणाला शिव्या दिल्या नाहीत. आम्हाला हे हवं आहे, एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले.

आता वाहिनीवाल्यांनो, तुमचा शेवटचा आक्षेप. 'प्रेक्षकाला सूक्ष्म काही कळत नाही, त्याला सगळं मोठ्याने सांगावं लागतं.' याला ट्रॉयचंच उदाहरण देते. २०११ साली पैशांअभावी आमचं ग्रंथालय बंद पडायची वेळ आली. ते चालवण्यासाठी कर वाढवायचा का, यावर २ ऑगस्टला मतदान होतं. कराला विरोध जोरदार होता. आणि गावात फलक लागले: ग्रंथालय बंद करायला मत द्या, ५ ऑगस्टला पुस्तकं जाळायचा जल्लोष करू. लोक भडकले. फलक उखडले, शिव्या घातल्या, जिथे तिथे तीच चर्चा. मग उघड झालं, की हे लिओ बर्नेट या जाहिरात कंपनीने ग्रंथालयाच्या बाजूने रचलेलं विडंबन होतं. ग्रंथालय बंद करणं आणि पुस्तकं जाळणं यांत फरक नाही, एवढंच सांगायचं होतं. लोकांना ते कळलं, रागासकट कळलं, आणि त्यांनी कर वाढवून घ्यायला मत दिलं. ग्रंथालय आजही चालू आहे. ही सगळी साधी माणसं होती, समीक्षक नव्हती. ट्रॉयच्या मतदाराला जे कळतं ते सातारच्या, अकोल्याच्या, बेळगावच्या प्रेक्षकाला कळणार नाही, असं मानण्याचं काही कारण नाही.

म्हणून मागणी स्पष्ट लिहिते. एक मालिका करा. आठवड्यातून एकदा, रविवारी रात्री. जास्तीत जास्त सव्वीस भाग, आणि शेवट पहिल्या भागाच्या आधी लिहिलेला. एकच मुख्य लेखक, आणि त्याला आकडे बघून गोष्ट बदलायला सांगायचं नाही. घर कुठलंही चालेल: चिपळूणचं, जळगावचं, सोलापुरातल्या चाळीतलं, नाहीतर आईवडील मुलाकडे येऊन बर्फात अडकलेलं इथलं. खलनायक नको. माणसं मात्र अशी हवीत, की त्यांच्यावर हसताना त्यांचा अपमान होऊ नये. स्किटमधले कलाकार घ्या, त्यांना बारा मिनिटांऐवजी सव्वीस आठवडे द्या, आणि मग बघा ते काय करतात.

वाचकहो, तुम्हालाही हे पटत असेल तर आपापल्या वाहिनीला नावानिशी लिहा. शिव्या नकोत, टोमणे नकोत. काय हवं ते दोन वाक्यांत सांगा, आणि उत्तर येईपर्यंत लिहीत राहा.

आपली,
ट्रॉय, मिशिगन येथील एक प्रेक्षक